फुटकळ खेळाडू, अस्सल मास्तर

मंडळी, आज बेसबॉलबद्दल लिहिणार आहे. थांबा, पान बंद करू नका! मला कल्पना आहे, आपल्याकडे बेसबॉल म्हटलं की 'तो अमेरिकन गिल्लीदांडूचा प्रकार' एवढ्यावर विषय संपतो. माझाही संपायचा. अमेरिकेत आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं टीव्हीवर बेसबॉल लागला की मी चॅनल बदलत असे. तीन तास चालणारा खेळ, त्यात अर्धा वेळ माणसं नुसती उभी, आणि उरलेला अर्धा वेळ काहीतरी चघळून थुंकतायत. ह्यापेक्षा रणजीचा अनिर्णित सामना बरा, असं माझं प्रामाणिक मत होतं.

ते मत बदललं एका माणसामुळे. आणि गंमत म्हणजे तो माणूस खेळत नव्हता, तर खेळणाऱ्यांना गुडघ्यावर बसवत होता.

गोष्ट २००२ सालची. तेव्हा मी सॅन फ्रान्सिस्कोच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, फ्रीमाँटला राहत होतो. आमच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये एक म्हातारा मशिनिस्ट होता. मायक्रोमीटर न लावता, नुसतं बोट फिरवून भाग किती चुकलाय ते सांगणारा. त्याने एका बुधवारी मला ओढतच ओकलंडच्या कॉलिसियम स्टेडियममध्ये नेलं. बुधवारी तिकीट अगदीच स्वस्त असायचं, त्यामुळे नकार द्यायला सबबही नव्हती. म्हाताऱ्याची अट एकच, की दारं उघडतात तेव्हा आत जायचं, सामना सुरू व्हायच्या वेळी नाही. "सामना सगळेच बघतात," तो म्हणाला, "तू आधी काम कसं चालतं ते बघ."

आत गेलो तर मैदानावर एक काटकुळा, काळा, मिशाळ माणूस लांब आणि बारीक बॅट घेऊन उभा. ह्या बॅटला 'फंगो' म्हणतात, ती फक्त सरावासाठी चेंडू मारून देण्याकरता असते. समोर लाखो डॉलर पगार घेणारे खेळाडू, आणि त्यांना तो चार हातांवरून टप्प्याचे चेंडू देतोय. उजवीकडे, डावीकडे, मधे. परत उजवीकडे, डावीकडे, मधे. तोंडाची टकळी अखंड चालू. मधूनच हसतोय, मधूनच ओरडतोय. मी म्हाताऱ्याला विचारलं, "हे तर शाळेतल्या पोरांना देतात तसलं काहीतरी आहे. ह्यांना कशाला?" म्हातारा नुसता हसला.

त्या काटकुळ्या माणसाचं नाव रॉन वॉशिंग्टन. सगळे त्याला 'वॉश' म्हणतात. आज मला जे म्हणायचंय ते ह्या वॉशच्या आडून म्हणायचंय, तेव्हा आधी त्याची कुंडली मांडतो.

वॉशचा जन्म १९५२ चा, न्यू ऑर्लिन्सचा. 'डिझायर' नावाच्या सरकारी गरीब वस्तीत तो वाढला. 'डिझायर' म्हणजे इच्छा! वस्तीला असलं नाव देणाऱ्याच्या विनोदबुद्धीला नमस्कार. १९७० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो कॅन्सस सिटी रॉयल्स ह्या क्लबच्या 'बेसबॉल अकॅडमी'त निवडला गेला. ही अकॅडमी म्हणजे एक मजेशीर प्रयोग होता आणि आपल्यासारख्या इंजिनियर लोकांना तो आवडावा असाच होता. रॉयल्सचा मालक युइंग कॉफमन हा औषधाच्या कंपनीतून पैसा कमावलेला माणूस, बेसबॉलमधला नव्हे. त्याने विचार केला, की चांगले बेसबॉल खेळाडू शोधायला सगळेच धावतात. आपण नुसते चांगले शरीर असलेले तरुण शोधू आणि त्यांना बेसबॉल शिकवू. झालं! फ्लोरिडात सारासोटाला १२१ एकर जागा घेतली, पाच मैदानं बांधली, आणि देशभर चाचण्या घेतल्या. साठ यार्ड, म्हणजे साधारण ५५ मीटर, ६.९ सेकंदांत पळता आलं पाहिजे ही अट. शिवाय नजर, प्रतिक्षिप्त क्रिया, तोल, सगळं मोजायचं. हजारो पोरांमधून पहिल्या तुकडीला जेमतेम चार डझनांच्या आत पोरं निवडली.

बेसबॉलमधल्या मुरलेल्या मंडळींनी ह्या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली. १९७४ साली खर्च झेपेना म्हणून अकॅडमी बंदही झाली. पण तिथून निघालेला फ्रँक व्हाइट पुढे रॉयल्सचा सेकंड बेसमन झाला आणि क्षेत्ररक्षणाचा सर्वोच्च मान, 'गोल्ड ग्लव्ह', त्याने आठ वेळा मिळवला. (हाच व्हाइट त्याआधी रॉयल्सचं स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांत कामाला होता. ज्या मैदानाचं बांधकाम केलं, त्याच मैदानावर पुढे हिरो!)

आपला वॉश मात्र हिरो वगैरे झाला नाही. अकॅडमीतून निघाल्यावर तो मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायरीच्या क्लबांत, वर्षानुवर्षं खेळत राहिला. रात्रीचे बसप्रवास, स्वस्त मोटेल, तुटपुंजा पगार. १९७७ साली लॉस एंजेलिस डॉजर्सकडून मेजर लीगमध्ये दहा सामने मिळाले, आणि पुन्हा खाली रवानगी. वर परत यायला १९८१ साल उजाडलं. तोवर बाबा २९ वर्षांचा झालेला. मग मिनेसोटा ट्विन्सकडे सहा मोसम, पुढे बाल्टिमोर, क्लीव्हलंड, ह्यूस्टन असा फिरत फिरत १९८९ ला संपला. एकूण ५६४ सामने, २० होमरन, सरासरी .२६१. शॉर्टस्टॉप, सेकंड, थर्ड, जिथे जागा रिकामी असेल तिथे उभा. आपल्या भाषेत सांगायचं तर 'बारावा गडी'. कोणी पोस्टर लावलं नाही, कोणी सही मागितली नाही.

आता हे शॉर्टस्टॉप वगैरे काय ते दोन मिनिटांत सांगतो, कारण पुढचं समजायला ते लागेल. बेसबॉलचं आतलं मैदान हा चौकोन, प्रत्येक बाजू ९० फूट. कोपऱ्यांवर बेस. ह्या चौकोनाच्या आसपास उभे राहणारे ते इनफिल्डर. फलंदाजाने चेंडू जमिनीवरून मारला की तो पहिल्या बेसकडे धावत सुटतो. त्याला तिथे पोचायला साधारण सव्वाचार सेकंद लागतात. तेवढ्यात इनफिल्डरने चेंडू अडवून, ग्लव्हमधून हातात घेऊन, पहिल्या बेसवर फेकायचा. मी एकदा ह्याचं गणित मांडलं होतं (दुसरं काय करणार, सवय!). चेंडू त्याच्यापर्यंत यायला दीड-दोन सेकंद. ताशी ऐंशी मैलांनी केलेली सुमारे १२० फुटांची फेक एका सेकंदाहून थोडी जास्त खाते. म्हणजे अडवणं, ग्लव्हमधून काढणं आणि पाय जुळवणं ह्या सगळ्याला मिळून एखादा सेकंद उरतो. चेंडू एकदा ग्लव्हमध्ये अडखळला की धावणारा पोचलाच म्हणून समजा.

आणि अडखळला तर ते लपत नाही. क्रिकेटच्या धावफलकावर सुटलेल्या झेलांचा रकाना नसतो. गावसकर किंवा तेंडुलकरने आयुष्यात किती झेल सोडले हे आपल्याला कुठे ठाऊक आहे? बेसबॉलच्या फलकावर तीन आकडे शेजारी शेजारी असतात: धावा, हिट आणि एरर. चूक झाली की भर स्टेडियमसमोर आकडा एकाने वाढतो, आणि कोणाच्या नावावर ती चूक, हे अधिकृत स्कोअरर लिहून ठेवतो. शंभर वर्षांपूर्वीच्या खेळाडूच्या चुकासुद्धा आज मोजून मिळतात. मला हा रकाना फार भयंकर वाटला होता. आमच्या ऑफिसात असा फलक लावला तर पहिल्या आठवड्यात निम्मे लोक राजीनामा देतील. अर्थात मीही.

तर मुद्द्याकडे वळू. खेळणं संपल्यावर वॉशने मायनर लीगमध्येच शिकवायला सुरुवात केली, आणि १९९६ साली ओकलंड ए'ज क्लबने त्याला कोच म्हणून घेतलं. तिथे तो अकरा मोसम होता. मी पाहिला तो ह्या काळातला.

त्याची पद्धत अशी. सामन्याच्या आधी, रोज, प्रत्येक इनफिल्डरने दोन्ही गुडघ्यांवर बसायचं. हातात नेहमीचा मोठा ग्लव्ह नाही, तर छोटासा सरावाचा ग्लव्ह. समोर काही फुटांवर वॉश. तो आखूड टप्प्याचे चेंडू देतो, खेळाडू ते फक्त हातांनी घेतो. गुडघ्यावर का? तर पाय बाद करायचे म्हणून. उभा असलेला माणूस हातांची चूक पायांनी झाकतो. पाय काढून घेतले की हात काय करतायत ते उघडं पडतं. आणि लहान ग्लव्ह का? मोठ्या ग्लव्हमध्ये चेंडू कुठेही बसला तरी निभावतं, लहान ग्लव्हमध्ये नेमक्या जागीच घ्यावा लागतो. हात नीट झाले की मग उभं राहायचं, मग पाय, मग फेक. सगळं पायरीपायरीने. आम्ही एखाद्या यंत्रात बिघाड शोधताना एकेक भाग सुटा करून तपासतो ना, अगदी तेच. सारासोटातल्या त्या स्टॉपवॉचवाल्या अकॅडमीचं पाणी लागलं होतं म्हणायचं!

ह्या पद्धतीचा एक विद्यार्थी एरिक शावेझ. थर्ड बेसवर उभा राहणारा. फलंदाजी पहिल्यापासून उत्तम, पण क्षेत्ररक्षण जेमतेम. वॉशच्या हाताखाली तो २००१ पासून सलग सहा वेळा गोल्ड ग्लव्ह घेऊन गेला. २००४ चा ग्लव्ह त्याने वॉशलाच देऊन टाकला, 'तुझ्याशिवाय हे झालं नसतं' अशा अर्थाचे शब्द वर लिहून. ज्या माणसाने स्वतः खेळताना असला मान कधीच मिळवला नाही, त्याच्या घरी हा सोन्याचा ग्लव्ह आला. पुढच्याच वर्षी, २००५ च्या ऑगस्टमध्ये, कत्रिना वादळाच्या पुरात न्यू ऑर्लिन्समधलं त्याचं घर पाण्याखाली गेलं. ते त्याने परत उभं केलं.

दुसरा विद्यार्थी तुमच्यापैकी काहींनी पडद्यावर पाहिला असेल. 'मनीबॉल' हे मायकल लुइसचं पुस्तक २००३ साली आलं, आणि २०११ साली त्यावर ब्रॅड पिटचा सिनेमा निघाला. त्यात स्कॉट हॅटबर्ग नावाचा कॅचर आहे, कोपराची नस दुखावल्यामुळे फेक करता न येणारा. ओकलंडचा जनरल मॅनेजर बिली बीन त्याला म्हणतो, तू आता फर्स्ट बेसवर खेळ, फार अवघड नाही. आणि शेजारी बसलेला वॉश तिथल्या तिथे सांगून टाकतो, की फार अवघड आहे! थिएटरात हशा पिकतो. मला मात्र त्या प्रसंगात वॉशचं सगळं शिक्षणशास्त्र दिसतं. विद्यार्थ्याला 'सोपं आहे' सांगणं ही आपल्याला दया वाटते. प्रत्यक्षात तो अपमान असतो, कारण नाही जमलं तर त्याला वाटतं, एवढं सोपंही मला येत नाही. 'अवघड आहे, आणि आपण ते रोज थोडं थोडं करणार आहोत' हे म्हणणारा खरा मास्तर. २००२ च्या मोसमात हॅटबर्ग फर्स्ट बेसवर उभा राहिला, टिकला, आणि ओकलंडचा सलग विसावा विजयही त्याच्याच होमरनने झाला.

आता माझं पहिलं मत मांडतो. इंग्रजीत एक म्हण फार चघळली जाते, की ज्याला करता येतं तो करतो, ज्याला येत नाही तो शिकवतो. आपल्याकडेही मास्तरकीकडे बघायची नजर हीच. इंजिनियरिंगला असताना आम्ही म्हणायचो, 'नोकरी मिळाली नाही म्हणून लेक्चरर झाला.' मला हे साफ चुकीचं वाटतं. ज्याला जन्मजात येतं त्याला आपण काय करतो हे बहुधा माहीतच नसतं. त्याला विचारा, चेंडू कसा घेतलास, तो म्हणेल, "आला आणि घेतला." वॉशला मात्र दहा-बारा वर्षं खालच्या लीगमध्ये टिकून राहण्यासाठी प्रत्येक हालचाल जाणीवपूर्वक शिकावी लागली. कुठे गडबड होते हे त्याला ठाऊक, कारण ती गडबड त्याच्या स्वतःच्या हातांनी केलेली. आपल्या शिवाजी पार्कवरचे आचरेकर सर आठवा. प्रथम श्रेणीचा सामना ते उभ्या आयुष्यात एकच खेळले. त्यांच्या आकड्यांकडे बघून कोणी पोराला त्यांच्याकडे पाठवलं असतं का? पण स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून त्यांनी काय घडवलं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

हे झालं गोड गोड. आता कडू.

२००७ साली वॉशला टेक्सास रेंजर्सने मॅनेजर केलं. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे मुख्य प्रशिक्षक, कोणाला कधी खेळवायचं हे ठरवणारा. २००९ साली त्याच्या चाचणीत कोकेन सापडलं. त्याने राजीनामा पुढे केला, क्लबने तो घेतला नाही. २०१० च्या मार्चमध्ये बातमी फुटली तेव्हा तो सगळ्यांसमोर उभा राहिला आणि माझी चूक म्हणाला. त्याच वर्षी रेंजर्स त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला पोचले आणि हरले. २०११ ला परत पोचले.

आणि मग २७ ऑक्टोबर २०११ ची रात्र. सेंट लुईसमधला सहावा सामना. हा जिंकला की अजिंक्यपद. नवव्या डावात रेंजर्स ७-५ ने पुढे, दोन बाद, आणि डेव्हिड फ्रीज ह्या फलंदाजावर दोन स्ट्राइक झालेले. एक स्ट्राइक, फक्त एक! फ्रीजने चेंडू उजव्या कोपऱ्यात उंच मारला. तिथे नेल्सन क्रूझ उभा होता, फलंदाज म्हणून दणकट, क्षेत्ररक्षक म्हणून बेताचा. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, बरोबरी झाली. दहाव्या डावात रेंजर्स परत दोन धावांनी पुढे, आणि परत दोन बाद, दोन स्ट्राइक, परत बरोबरी. अकराव्या डावात त्याच फ्रीजने होमरन मारून सामना संपवला, १०-९. दुसऱ्या दिवशीचा सातवाही गेला.

मी त्या रात्री घरी सोफ्यावर बसून बघत होतो आणि अक्षरशः कपाळाला हात लावला. का? कारण बाकावर क्रूझहून चांगला क्षेत्ररक्षक बसलेला होता. आघाडी हातात असताना शेवटच्या डावात असा बदल करणं ही नेहमीची रीत. वीसेक वर्षं जगाला चेंडू अडवायला शिकवणाऱ्या माणसाने, आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या क्षणी, चेंडू अडवणारा माणूसच मैदानात पाठवला नाही! पुढे कित्येक वर्षं त्याच्यावर ह्याची टीका झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये त्याने रेंजर्स सोडले, आणि मग बायकोचा विश्वास मोडल्याची कबुलीही पत्रकारांसमोर दिली. ६६४ विजय, क्लबचा विक्रम, आणि असा शेवट. तेव्हा मी त्याला संत वगैरे करायला बसलेलो नाही. त्याच्या नावापुढचा एररचा रकाना चांगला भरलेला आहे.

ह्याच सुमारास माझंही एक प्रकरण झालं, ते इथे सांगणं भाग आहे. नाहीतर ही सगळी दुसऱ्याच्या चुकांची यादी होईल.

मी डिझाइनमध्ये बरा होतो. म्हणून मला मॅनेजर केलं गेलं. आपल्या धंद्यात बक्षीस देण्याची हीच एक रीत, जे काम चांगलं करतोस ते काढून घेऊन तुला न येणारं काम देतो, वर पगारही वाढवतो! हाताखाली एक नागपूरचा पोरगा आला. हुशार, पण टॉलरन्सच्या बेरजेत चुकायचा. म्हणजे पाच भाग एकावर एक बसणार असतील, आणि प्रत्येकात दशांश एक मिलिमीटर इकडेतिकडे चालणार असेल, तर शेवटी एकूण किती इकडेतिकडे होईल हा हिशेब. ह्यात तो वारंवार घसरे. मी काय केलं? रात्री घरी बसून त्याची ड्रॉइंगं स्वतः दुरुस्त केली आणि सकाळी पुढे पाठवली. प्रोजेक्ट वेळेत जात होतं, वरचे खूश होते, आणि मला वाटत होतं की मी पोरावर उपकार करतोय. त्याला चारचौघांत कधी बोललो नाही, कधी ओरडलो नाही. दीड वर्षाने त्याने नोकरी सोडली. जाताना कँटीनमध्ये कॉफी घेताना म्हणाला, "दादा, राग मानू नका, पण तुम्ही माझी ड्रॉइंगं दुरुस्त केली. मला कधी दुरुस्त केलं नाही. नव्या ठिकाणी पहिल्या महिन्यात माझी चूक निघेल तेव्हा मी काय सांगू?"

मी काही बोलू शकलो नाही. काय बोलणार? त्याची चूक फलकावर लागू दिली नाही, ह्यालाच मी चांगुलपणा समजत होतो. चूक दिसली असती तर ती सुटी करून, गुडघ्यावर बसवून, रोज पंधरा मिनिटं त्याच्याकडून घोटून घेता आली असती. पंधरा मिनिटं! मी रात्रीचे तास घालवले, ती पंधरा मिनिटं मात्र दिली नाहीत. कारण शिकवणं हे मला माझं काम वाटतच नव्हतं. मॅनेजरच्या कामाच्या यादीत ते नव्हतं, पगारवाढीच्या फॉर्मवर त्याचा रकाना नव्हता.

वॉशचं पुढे काय झालं, ते सांगतो. इतक्या वर जाऊन पडलेला माणूस एकतर घरी बसतो किंवा टीव्हीवर तज्ज्ञ होतो. वॉश २०१५ साली परत ओकलंडला गेला, कोच म्हणून. मॅनेजर असलेल्या माणसाने परत फंगो हातात घेतला आणि पोरांना गुडघ्यावर बसवायला लागला. २०१७ पासून अटलांटा ब्रेव्ह्जकडे. तिथे थर्ड बेसजवळ उभं राहून धावणाऱ्यांना ट्रॅफिक पोलिसासारखे हात करणं हे त्याचं अधिकृत काम, आणि इनफिल्डरांना तयार करणं हे खरं काम. फ्रेडी फ्रीमन, ऑझी अल्बीज, डॅन्सबी स्वॉन्सन, ऑस्टिन रायली, हे सगळे ह्याच्यासमोर रोज गुडघे टेकायचे. फ्रीमन तर तेव्हा लीगमधल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूंपैकी एक! २०२१ साली ब्रेव्ह्जनी ह्यूस्टनला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. अकॅडमीत पाऊल टाकल्यावर ५१ वर्षांनी, वयाच्या ६९ व्या वर्षी, वॉशच्या बोटात पहिली अंगठी आली. दहा वर्षांपूर्वी एका स्ट्राइकने हुकलेली. पुढच्याच वर्षी स्वॉन्सनला गोल्ड ग्लव्ह मिळाला.

इथे गोष्ट संपवली असती तर सिनेमा झाला असता. पण २०२३ च्या अखेरीस लॉस एंजेलिस एंजल्सने त्याला परत मॅनेजर केलं, आणि २०२४ च्या मोसमात संघ १६२ पैकी ९९ सामने हरला. त्या क्लबच्या इतिहासातली ही सगळ्यात वाईट कामगिरी. २०२५ च्या जूनमध्ये तब्येतीमुळे त्याला रजा घ्यावी लागली, हृदयाची बायपास झाली, आणि मोसम संपल्यावर क्लबने त्याला पुढे ठेवलं नाही. तुम्ही म्हणाल, बघा, तुमच्या मास्तरची जादू कुठे गेली? प्रश्न बरोबर आहे. शावेझ आणि स्वॉन्सन मुळातच गुणी होते, त्यात वॉशचा वाटा नेमका किती हे कुठल्याही फूटपट्टीने मोजता येणार नाही. वाळूतून तेल काढणारा कोच अजून जन्माला यायचाय.

पण माझा मुद्दा जादूचा नाहीच. माझा मुद्दा असा, की बेसबॉलने ह्या माणसाला दोनदा 'वर' चढवलं आणि दोन्ही वेळा त्याचा आकडा चर्चेत आला. त्याचं खरं काम मात्र खालीच होतं, जमिनीलगत, टप्प्याच्या चेंडूत. आणि ते मोजायला कुठलाच रकाना नव्हता. सगळ्या चुकांची दप्तरी नोंद ठेवणाऱ्या खेळात 'ही चूक कोणाच्या शिकवण्यामुळे झाली नाही' ह्याची नोंद नाही. शावेझने स्वतःचा ग्लव्ह दिला, कारण दुसरी कुठली पावती अस्तित्वातच नव्हती. आपल्या कारखान्यांत, शाळांत, हॉस्पिटलांत, सॉफ्टवेअरच्या ऑफिसांत असे कितीतरी वॉश असतील. त्यांना एकतर कोणी विचारत नाही, किंवा विचारलंच तर बढती देऊन शिकवण्यातून उठवून खुर्चीत बसवतात. दोन्हींत नुकसान पुढच्या पोराचं.

मी स्वतः २०१६ साली मॅनेजरकी सोडून परत डिझाइनमध्ये आलो. घरून, ऑफिसातून, पुण्याहून फोनवर, सगळीकडून एकच प्रश्न: "काही झालं का रे?" काही झालं नव्हतं. आता दर गुरुवारी सकाळी मी नव्या पोरांना घेऊन बसतो. कॉम्प्युटर बंद. पेन्सिल, कागद, व्हर्नियर आणि पाच खरे भाग. मोजा, लिहा, बेरीज करा. पुढच्या गुरुवारी परत तेच. एका पोरीने मागे वैतागून विचारलं, "हे तर कॉलेजमध्ये झालंय, परत कशाला?"

मी नुसता हसलो. मग आठवलं, बावीस वर्षांपूर्वी म्हातारा मशिनिस्टही असाच हसला होता, आणि मला उत्तर शोधायला निम्मं करिअर घालवावं लागलं. म्हणून तिला नीट उत्तर दिलं. म्हटलं, "कारण हे अवघड आहे."

नागपूरच्या त्या पोराचा पत्ता माझ्याकडे नाही. तो मराठी वाचतो एवढं माहीत आहे. हे वाचलंस तर, बाबा, ती पंधरा मिनिटं मी तुझं देणं लागतो.